चेहरा धाकटीचा, हात थोरलीचे

वडिलांचं शिवणकामाचं दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली होतं. त्यामुळे आत बसलेल्याला गिऱ्हाईक आधी पायांकडून कळायचं. खिडकीच्या काचेतून बूट दिसायचे, मग पोटऱ्या, आणि माणूस दारातून वाकून आत आला की शेवटी चेहरा. थोरली शाळेतून आली की त्या खिडकीशी बसायची. एखाद्या बुटाची टाच एका बाजूने जास्त झिजलेली दिसली की ती वडिलांना हळूच सांगायची, "बाबा, हे डाव्या अंगाला झुकतात. डावा खांदा उतरता ठेवा." वडील हसायचे, पण टेप लावला की पोरीचं खरं निघायचं. तेराव्या वर्षी त्यांनी तिच्या हातात मोठी कात्री दिली आणि पंधराव्या वर्षी तिने कापलेला पहिला कोट दुकानाबाहेर गेला. गल्लीतले लोक वडिलांना मास्तर म्हणायचे, तिला मास्तरीण म्हणायला लागले. ते तिला फार आवडायचं, पण आवडतं असं तिने कधी दाखवलं नाही.

धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. ती दुकानात दहा मिनिटं एका जागी टिकायची नाही. उरलेल्या अस्तराच्या चिंध्या अंगाभोवती गुंडाळायची, तोंडात टाचण्या धरल्यासारखं करून वडिलांची नक्कल करायची, गिऱ्हाइकांच्या आरशासमोर ऐटीत चालून दाखवायची. थोरलीने दिवसभर मान खाली घालून तीन पँटी कापल्या तर कोणी हूं की चूं केलं नाही, आणि धाकटीने डोक्याला रुमाल बांधून दवाखान्यातल्या नर्सबाईची नक्कल केली तर सगळं दुकान पोट धरून हसलं. वडीलसुद्धा. थोरली म्हणायची, मला राग कसला येणार, पोरीने कामाला हात लावावा एवढंच वाटायचं. पण त्या दिवशी तिने चौथी पँट कापायला घेतली आणि एक पाय दुसऱ्याहून आखूड झाला. वडील गेल्यावरसुद्धा ती पँट तिच्या लक्षात राहिली, कारण आयुष्यात तिची कात्री चुकली होती ती तेवढीच.

पुढे धाकटीने हट्टाने कपड्यांच्या डिझाइनचं शिक्षण घेतलं. शेवटच्या परीक्षेला पाच पोशाख करून द्यायचे होते. चित्रं तिने काढली, आणि परीक्षेला बारा दिवस उरले असताना कागदांची गुंडाळी घेऊन दुकानात आली.

"ताई, एवढं कापून दे ना. मला बाही जोडायचा मुंढा जमत नाही गं."

थोरलीने चित्रं टेबलावर पसरली. त्यातला एक लांब कोट होता, त्याचे खांदे असे घसरते काढले होते की आत कोणी नसतानाही तो कोट दमलेला वाटत होता. थोरली म्हणाली, "हे असं उभं राहणारच नाही. काहीतरीच!" मग चार दिवस ती त्याच कोटाशी झटत राहिली. कापड उरेबी, धाग्याला तिरकं कापलं, खांद्यात दोनदा बदल केला, अस्तर उसवून पुन्हा लावलं. पाचव्या दिवशी कोट पुतळ्यावर चढला आणि थेट चित्रातल्यासारखा दिसला. वडील चष्मा पुसून त्याच्याकडे बघत राहिले. थोरलीच्या मनात मात्र आनंदाआधी एक काटा रुतला, की हे आपल्याला का सुचलं नाही? तेरा वर्षं आपण कोट कापतोय, आणि एक कोट दमलेला असू शकतो हे हिला सुचलं, जिला साधं काज करता येत नाही!

धाकटी पहिली आली. बक्षीस घेतानाचा तिचा फोटो दुकानात लागला, वडिलांच्या मशीनच्या बरोबर वर.

वडील गेल्यानंतर दोघींनी मिळून नवं काम उभं केलं. बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला घेतला. पुढच्या खोलीला तीन मोठ्या खिडक्या होत्या, तिथे सोफा आला, उंच आरसा आला, फुलदाणी आली. ती धाकटीची खोली. मागच्या खोलीत बारा फुटी टेबल, कपडे कापायचे कागदी नमुने टांगायची दांडी, दोन मशीनवाल्या बायका आणि इस्त्रीवाले काका. हे काका वडिलांच्या वेळचे. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांच्यासमोर सगळे मोकळेपणी बोलायचे, आणि काकांना सगळं कळायचं. कपड्यांवरच्या लेबलवर धाकटीचं नाव शिवलं जाऊ लागलं. याला कोणाचीच हरकत नव्हती. चित्रं तिची, गिऱ्हाइकं तिची, बोलणं तिचं. थोरलीने स्वतःच म्हटलं होतं, "माझं नाव कशाला? मला काय मिरवायचंय?" आणि धाकटीने ते खरं मानलं होतं. ताईचं बोलणं जसंच्या तसं खरं मानायची तिला लहानपणापासून सवय, आणि त्याचाच थोरलीला सगळ्यात जास्त राग.

मग एक दिवस एक दिग्दर्शक आला. त्याला सिनेमासाठी कपडे करून हवे होते. बोलता बोलता तो मागच्या खोलीत डोकावला. थोरली काळ्या लोकरीच्या कापडावर कात्री चालवत होती, खडूची रेघ न मारता. तो दारातच थांबला. कापड दोन भागांत सुटेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या गोष्टीत एक शिवणारी बाई आहे. भूमिका छोटी आहे, पण सिनेमा तिच्यावर उभा आहे. नट्या मला कात्री धरून दाखवतात आणि मला हसू येतं. तुम्ही कराल का?"

थोरली म्हणाली, "छे! मी काय करणार?" पण तिचे कान लाल झाले होते. संध्याकाळी घरी जाताना ती दोन थांबे पुढे जाऊन उतरली.

तिचा नवरा बस चालवायचा. शेवटी ती चाचणीला तयार झाली, आणि त्याच्यासमोर आठ दिवस तालीम झाली. भाऊ घर सोडून निघालाय आणि बहीण त्याचा कोट पुरा करतेय, असा प्रसंग. नवरा भावाची वाक्यं वाचायचा, पण अशा आवाजात की पुढचा थांबा कुठला ते सांगतोय. त्यांची लहान मुलगी उशीत तोंड खुपसून हसायची. थोरलीही हसायची. त्या आठ दिवसांत ती जेवढी हसली तेवढी वर्षात हसली नसेल, असं नवरा नंतर म्हणायचा.

चाचणीच्या दिवशी धाकटी सोबत आली होती, कपड्यांच्या मापांसाठी. मोठी बंदिस्त जागा, छतापासून लोंबणाऱ्या तारा, मधोमध खोटं दुकान आणि त्यात खरं टेबल. दिवे लागले. थोरलीने कात्री उचलली आणि सगळे तिच्या हातांकडे बघत राहिले. मग बोलायची वेळ आली. वाक्य एवढंच होतं, "कोट तयार आहे. पण तू जाऊ नकोस."

थोरलीने ते म्हटलं. पावती फाडून हातात द्यावी तसं म्हटलं.

"पुन्हा एकदा," दिग्दर्शक म्हणाला. पुन्हा तेच. तोंड चाललं की हात थांबायचे, हात चालले की तोंड. सहा वेळा झालं, सात वेळा झालं. थोरलीच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. धाकटी बाजूला उभी होती, दातांत चार टाचण्या धरून. तिला ताईची दया आली असावी. तिने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "ताई, अगं, असं म्हण ना," आणि तिने ते वाक्य म्हणून दाखवलं. मोठ्याने नाही, कोणाकडे बघूनही नाही. पण दिवे धरणारा माणूस दिवा धरायचा विसरला. मग कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकाचा आवाज आला, "तुम्ही जरा या टेबलापाशी उभ्या राहता?"

परत येताना धाकटी म्हणाली, "ताई, तू नको म्हणालीस तर मी नाही करणार हं. तुझी शपथ."

"कर की," थोरली म्हणाली. "मला कुठे हौस आहे? आलेली ब्याद टळली."

हे वाक्य तिने इतकं झकास म्हटलं, की दिग्दर्शकाने ऐकलं असतं तर भूमिका तिलाच दिली असती.

अडचण एकच होती. धाकटीला कात्री चालवता येत नव्हती. मग असं ठरलं की चेहरा धाकटीचा घ्यायचा आणि जवळून दिसणारे हात थोरलीचे. भूमिकेतला धाकटीचा राखी सदरा थोरलीने तीन दिवस घातला. बाह्या दंडांत काचत होत्या. कॅमेरा फक्त मनगटापर्यंत बघायचा, वर कोण आहे त्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. शेवटच्या दिवशी एक सहायक तिला म्हणाला, "मावशी, जरा डोकं मागे घ्या, सावली पडतेय."

सिनेमा लागला. थोरली घरच्यांबरोबर बघायला गेली. पडद्यावर तिचे हात दाराएवढे मोठे दिसले. अंगठ्यावरचा जुना व्रण, तर्जनीला पडलेला कात्रीचा घट्टा. पुढच्या रांगेतला माणूस बायकोला म्हणाला, "हात बघ हिचे. हिला खरंच येतं हं शिवणकाम." शेवटी नावं आली. वेशभूषा, धाकटी. भूमिका, धाकटी. थोरलीचं नाव आभाराच्या यादीत होतं, जेवण पुरवणाऱ्याच्या खाली आणि पाणी पुरवणाऱ्याच्या वर. वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं की या नव्या अभिनेत्रीचे हातसुद्धा अभिनय करतात. थोरलीने तेवढंच कात्रण कापून घेतलं. अगदी सरळ कापलं.

टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्या बाईने धाकटीला विचारलं, "कापड कापतानाचे ते हात खरोखर तुमचेच का हो?" धाकटी हसली आणि म्हणाली, "शिंप्याच्या घरची पोर आहे मी!" खोटं काही बोलली नाही. खरंही काही बोलली नाही. थोरलीने टीव्ही बंद केला आणि नवऱ्याला म्हणाली, "ज्याच्या हाती ससा तो पारधी."

नवरा म्हणाला, "अगं, पण ससा तूच दिलास की तिला."

त्यानंतर चार दिवस त्याला नाश्त्याला कोरडा पाव मिळाला.

मग वर्षं भराभर गेली. धाकटीने एकामागून एक अकरा सिनेमे केले. नायिका कधीच नाही. नायिकेची मैत्रीण, डॉक्टरीण, वेडसर शेजारीण, पण तिचाच प्रसंग लोकांच्या लक्षात राहायचा. सिनेमामुळे कपड्यांचं नाव झालं आणि कपड्यांमुळे सिनेमात तिचा रुबाब वाढला. एक मात्र खरं, बाई कष्टाळू होती. पहाटे चित्रीकरणाला जायची, दुपारी तोंडावरचा रंग न पुसता कामावर यायची आणि उभ्या उभ्या चित्रं काढायची. थोरली हे बघत होती. धाकटी आळशी असती तर किती बरं झालं असतं! निदान पाठीमागे नावं ठेवायला जागा राहिली असती. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं ती मशीनवाल्या बायकांना म्हणायची, पण बायका मान डोलवायच्या नाहीत. कारण धाकटीचं दोन्ही धड चाललं होतं.

घरीही सुटका नव्हती. मुलगी मोठी झाली आणि तिने अभ्यासाच्या टेबलावर मावशीचा फोटो लावला. थोरली खोली झाडताना तो फोटो दर वेळी थोडा वाकडा करून ठेवायची. मुलगी दर वेळी तो सरळ करायची. 

मग धाकटीचं नाव एका मोठ्या अभिनयाच्या पुरस्काराच्या यादीत आलं. समारंभासाठी तिने स्वतःसाठी गडद हिरवा गाऊन काढला. अंगाबरोबर बसणारा, उरेबी कापाचा. असं कापड कापताना एक सूतही इकडचं तिकडे चालत नाही. थोरली तिची मापं घेत होती. कंबरेला टेप लावला असताना धाकटी सहज म्हणाली, "ताई, परवा गंमतच झाली. कोणीतरी विचारलं, घरात आणखी कोणी अभिनय करतं का? मी सांगितलं, ताईने एकदा चाचणी दिली होती. तू ते वाक्य कसं म्हटलं होतंस ते करून दाखवलं. काय हसले सगळे!"

आणि तिने ते पुन्हा करून दाखवलं. पावती फाडून दिल्यासारखं. तंतोतंत.

थोरली हसली. टेप गुंडाळला. कागदी नमुना तिने नेहमीसारखा बिनचूक काढला. मग कापड पसरलं, कात्री घेतली आणि कंबरेला दीड इंच आत शिरली. 

पहिल्या ट्रायलला गाऊनचे हुक लागेनात. मशीनवाली ओढत होती, धाकटी श्वास रोखून उभी होती. थोरली दाराशी होती. तिला वाटलं होतं, धाकटी म्हणेल, "ताई, हे काय कापलंस?" मग आपण म्हणू, "माणसाची कात्री आहे, चुकते कधी कधी." एवढं एकदा तरी व्हावं, पुढच्या खोलीतल्या त्या उंच आरशासमोर तिचं काहीतरी अडावं, एवढीच तिची भूक होती. पण धाकटीने आरशात स्वतःकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "जाडी झाले मी."

थोरलीला तिथेच बोलता आलं असतं. ती म्हणाली, "दहा दिवस आहेत अजून."

धाकटीने जेवण सोडलं. आधी नुसतं सूप, मग तेही नाही, लिंबूपाणी. चौथ्या दिवशी ती थोरलीच्या घरी आली तेव्हा ताटावर बसली आणि न जेवताच उठली. ती गेल्यावर मुलगी आईला म्हणाली, "मावशीला म्हटलं, गाऊन सैल करून घे ना. तर म्हणाली, ताईची कात्री कधी चुकत नाही, माझंच अंग चुकलंय." थोरलीच्या हातातला पेला सिंकमध्ये पडला. इतक्या वर्षांत धाकटीने तिच्या कामाचं असं कौतुक तिच्या तोंडावर कधी केलं नव्हतं. मिळालं तेही असं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर हिरवा गाऊन उलटा करून पसरलेला होता आणि कंबरेवर तिचाच कागदी नमुना ठेवला होता. कागद दोन्हीकडून बाहेर डोकावत होता. काका खिडकीशी चहा पीत उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. थोरलीने कागद उचलून दांडीला टांगला आणि कामाला लागली. तेव्हाही ती बोलली नाही. जीभ उचलतच नव्हती, कारण आता नुसतं "चुकलं" म्हणून भागणार नव्हतं.

सातव्या दिवशी धाकटी दुसऱ्या ट्रायलला आली. हुक लागायला अजून अर्धा इंच कमी होता. ती म्हणाली, "होईल, होईल," आणि उभ्या जागी कोसळली. कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं.

दवाखान्यात तीन टाके पडले. डॉक्टरने विचारलं, शेवटचं जेवण कधी झालं, तर धाकटीला आठवेना. तो बाहेर गेल्यावर पांढऱ्या पडद्याआड दोघीच उरल्या. धाकटी पडल्या पडल्या म्हणाली, "टाके बरे घातलेत का गं? तू बघ ना. व्रण दिसेल का?"

थोरली म्हणाली, "गाऊन मी कंबरेला तंग कापला."

"म्हणजे? चुकून?"

"नाही."

धाकटी कोपरावर उठून बसली.  मग म्हणाली, "का?"

या प्रश्नाचं उत्तर थोरलीने हजार वेळा मनात तयार केलं होतं, पानंच्या पानं. तोंडातून एवढंच आलं, "ते हात माझे होते."

"कुठले हात?" धाकटी म्हणाली. तिला खरंच आठवायला वेळ लागला, आणि तेच थोरलीला कपाळावरच्या टाक्यांपेक्षा जास्त लागलं. मग धाकटीच्या लक्षात आलं. "ते? ताई, तेरा वर्षं झाली त्याला! तूच म्हणालीस, मला हौस नाही."

"म्हणाले."

"मग मी काय तुझ्या पोटात शिरून बघायचं होतं?" तिचा आवाज चढला. पडद्यापलीकडे कोणीतरी खाकरलं. "सात दिवस उपाशी होते मी. तुझ्या घरी ताटावरून उठले. तू समोर बसून जेवत होतीस, ताई. तू जेवलीस!"

 थोरली खरंच जेवली होती.

"उद्यापासून येऊ नकोस," धाकटी म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

थोरली तिथून सरळ कामावर गेली. शिवण उसवली, गाऊन कंबरेला सोडवला. आत शिवणीत जादा कापडाची इंचभर माया होती, प्रत्येक कपड्यात ती दाबून ठेवायची तशीच. दोन्हीकडून मिळून पुरून उरली. काका इस्त्री गरम करून वाट बघत होते. ते म्हणाले, "एवढा राग होता, तर माया कशाला सोडलीस आत?"

"सवय," थोरली म्हणाली.

पुरस्कार धाकटीलाच मिळाला. टीव्हीवर ती हिरव्या गाऊनमध्ये पायऱ्या चढली तेव्हा कापड तिच्या अंगावरून पाण्यासारखं ओघळत होतं. कपाळावर तिने केस ओढून घेतले होते. तिने वडिलांचे आभार मानले, दिग्दर्शकांचे मानले, इस्त्रीवाल्या काकांचेही मानले. थोरली फक्त कंबरेकडे बघत होती. कुठे एक सुरकुती नव्हती. मुलगी म्हणाली, "आई, टाळ्या तरी वाजव." थोरली म्हणाली, "हातात सुई आहे." सुई नव्हती.

आठ महिने दोघी बोलल्या नाहीत. थोरलीने घरातल्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि दुसऱ्या शिंप्यांना कागदी नमुने काढून द्यायला सुरुवात केली. ज्यांचे मुंढे बसत नव्हते, ज्यांच्या कॉलरी उभ्या राहत नव्हत्या, असे सगळे हळूहळू तिच्या दाराशी यायला लागले. दारावर पाटी नव्हती. "मास्तरीण कुठे राहतात?" असं कोपऱ्यावर विचारलं की कोणीही दाखवायचं. धाकटीने या काळात दोन मास्तर ठेवले आणि काढले. काका अधूनमधून येऊन बसायचे आणि न विचारता सांगायचे, "तिसरा आलाय. हाही टिकत नाही." थोरली चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही, पण त्या दिवशी काकांना चहा दोनदा मिळायचा.

नवव्या महिन्यात धाकटी स्वतः आली. दारात दोन शिंपी बसले होते, ते तिला ओळखून उभे राहिले. ती टेबलासमोर बसली. कपाळावर बारीक पांढरी रेघ होती. दोघींनी आधी हवापाण्याचं बोलून घेतलं, मुलीच्या परीक्षेचं बोलून घेतलं.

मग धाकटी म्हणाली, "परत ये. लेबलवर दोघींचं नाव घालते. मी विचार करून आलेय."

याच वाक्यासाठी थोरली वीस वर्षं कान टवकारून होती. आता ते आलं तर तिला आतून गोडच वाटेना. ती म्हणाली, "नको. तू माझं नाव घालशील, आणि लोक म्हणतील बघा, धाकटीचं मन किती मोठं. ते श्रेयसुद्धा तुलाच."

धाकटी आ वासून बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. "ताई, तू कमाल आहेस! म्हणजे नाव नाही घातलं तरी मी वाईट, घातलं तरी मी वाईट?"

"हो," थोरली म्हणाली. "माझा स्वभावच तसा. त्याला मी काय करू?"

"अजूनही राग आहे?"

"आहे. तुझा आहे?"

"आहे तर. कोणी ताट समोर ठेवलं की येतो." धाकटीने पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. "मग नमुने तरी काढून दे. या कोटाची बाही कोणालाच जमत नाही."

थोरलीने चित्र पसरलं. चांगलं होतं. नेहमीसारखं, रागच यावा इतकं चांगलं होतं. तिने ते गुंडाळून बाजूला ठेवलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "तुझ्याआधी हे दोघं आहेत, आणि आत आणखी दोन कामं पडलीत. मंगळवारी ये."

धाकटी मंगळवारी आली. पुढेही येत राहिली, रांगेत बसून. शिंप्यांना ती सिनेमातल्या गमती सांगायची आणि सगळी खोली पोट धरून हसायची. थोरली पाठ करून कापत राहायची.

गेल्या महिन्यात धाकटीचा नवा सिनेमा लागला. थोरली घरात कोणाला न सांगता दुपारच्या खेळाला एकटीच गेली. खरं सांगायचं तर या वेळी धाकटीचं काम फसावं अशी तिची इच्छा होती. धाकटी त्यात एका शाळेची मुख्याध्यापिका होती. एका प्रसंगात तिला वाईट बातमीची चिठ्ठी मिळते. तिने ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी घातली आणि वर्गात जाऊन मुलांची हजेरी घ्यायला लागली. बस, एवढंच केलं. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्याचा तिला असा संताप आला की तिने रुमालाने डोळे खसाखसा पुसले.

मध्यंतरात दिवे लागले. शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाईही डोळे पुसत होती. ती थोरलीकडे वळून म्हणाली, "किती सुंदर काम करते हो ही, नाही?"

"कोट दुसऱ्याने कापलाय," थोरली म्हणाली. "डावा मुंढा ओढतोय बघा."

बाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, पर्स उचलली आणि एक खुर्ची सोडून बसली.